अजून एक, खात्रीसाठी

तीर्थस्वरूप मामांना,

साष्टांग नमस्कार. (कंबर पूर्वीसारखी वाकत नाही, त्यामुळे साष्टांग हल्ली पत्रातूनच घालतो. गोड मानून घ्या.)

तुमची तब्येत बरी असेल, मामींची त्याहून बरी असेल. डोळ्याच्या ऑपरेशननंतर तुम्हाला आता बारीक अक्षर दिसतं असं कानावर आलं. म्हणजे माझं अक्षर किती वाईट आहे तेही दिसत असेल. आम्ही इकडे खुशाल. मुलगी नोकरीसाठी लांब राहते. रविवारी फोन करते, आईशी चाळीस मिनिटं बोलते आणि माझ्याशी 'बाबा, बरे आहात ना' एवढं. तुमची भाचेसून नेहमीसारखीच आहे. सविस्तर पुढे येईलच, कारण तिला वगळून या पत्रातली एकही गोष्ट सांगता येत नाही.

तुमचं पत्र मिळालं. मिळून तीन वर्षं आणि एक महिना झाला. उत्तर लगेच द्यायचं मनात होतं, पण तुम्ही त्यात एक प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर तयार व्हायला वेळ लागला. तुमच्या लक्षात नसेल तर सांगतो, चारच ओळी होत्या. स्टुडिओ बंद केलास असं तिसऱ्याकडून कळलं, मला विचारावंसं वाटलं नाही, आता पन्नाशीत काय करणार, शाळेत जाणार का? खाली सही. आशीर्वाद नाही, मामींचा निरोप नाही.

तर मामा, उत्तर असं: हो. गेलो.

आधी दुकानाचं सांगतो, म्हणजे तुमचा राग निदान कारणासकट राहील. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता. तुम्ही नको म्हणाला असता तर मी दुकान बंद केलं नसतं, आणि आज तिथेच पंख्याखाली बसून समोरचा इस्त्रीवाला दिवसाला किती शर्ट हातावेगळे करतो ते बघत असतो. तुम्ही दुकान माझ्या हवाली केलंत तेव्हा दाराबाहेर बाकडं होतं आणि बाकड्यावर माणसं होती. शेवटच्या वर्षी नुसतं बाकडं होतं. लग्नाची कामं उडते कॅमेरेवाले घेऊन गेले. घरगुती फोटो ज्याच्या त्याच्या खिशात निघायला लागले. माझ्या वाट्याला राहिले ओळखपत्राचे फोटो, ज्यांत माणसाला हसायचीसुद्धा परवानगी नसते. एक दिवस मात्र एक गृहस्थ सहकुटुंब आले. नवरा, बायको, दोन मुली, सगळे ठेवणीतल्या कपड्यांत. मला वाटलं, फिरले आपले दिवस. मी पडदा झटकला, चारी दिवे लावले, स्टुलं मांडली, मोठ्या मुलीची रिबीन सरळ केली. मग गृहस्थांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि अगदी अदबीने म्हणाले की तुमचे दिवे फार छान आहेत, तेवढा यातच काढून द्या. मी काढून दिला. (चांगला आला. ते वाईट आहे.) त्या संध्याकाळी घरी जाऊन मी हिला सांगितलं, आता पुरे.

ही त्या वेळी खांदा धरून बसली होती. पडदे काढताना स्टुलावरून निसटली होती आणि दवाखान्यात एक्स-रे काढून नुकतीच आली होती. माझं ऐकून घेण्याऐवजी तिने स्वतःचंच सुरू केलं. तिथल्या माणसाने तिला खांबासारखं उभं केलं, न सांगता बटण दाबलं, फोटो हलला, म्हणून परत काढला, तोही हलला, म्हणून तिसरा. आणि मग ती जे बोलली ते मी तुम्हाला शब्दशः लिहितो, कारण माझं पुढचं सगळं त्यातून निघालं. ती म्हणाली, "तुम्ही असता तर पहिलाच नीट आला असता."

मग तिने पर्समधून एक कागद काढला. दवाखान्याच्या भिंतीवर एक्स-रे तंत्रज्ञांच्या अभ्यासक्रमाची जाहिरात होती, ती तिने दुखऱ्या हाताने उतरवून आणली होती. दोन वर्षांचा अभ्यास, बारावी शास्त्र शाखा उत्तीर्ण. (मी उत्तीर्ण आहे. किती गुणांनी ते तुम्हाला माहीत आहे, मामींना सांगू नका.) वयाची अट छापलेलीच नव्हती. बहुधा कुणाला गरज वाटली नसावी.

प्रवेशाच्या खिडकीवर कारकुनाने माझ्या हातातला अर्ज घेतला आणि मुलाला पुढे पाठवा असं सांगितलं. मी म्हटलं, मुलगा नाही, मुलगी आहे. तो म्हणाला, मग तिला पाठवा. मी म्हटलं, ती नोकरीला लागून दोन वर्षं झाली. यावर त्याने चष्मा काढून पुसला आणि माझ्याकडे नव्याने पाहिलं. पुढचं घोडं अडलं ते 'पालकाची सही' या रकान्यापाशी. आई-वडील आता नाहीत, तुमच्याकडे यायला तोंड नव्हतं. शेवटी हिने पेन घेतलं, ठसठशीत सही केली आणि नात्याच्या जागी 'पत्नी' असं लिहिलं. कारकून तो अर्ज घेऊन प्राचार्यांकडे गेला, प्राचार्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, आणि अर्ध्या तासाने असं ठरलं की पत्नी पालक असू शकत नाही असं कुठेच म्हटलेलं नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर तिची सही आहे. दोनदा तर शिक्षकांनी तिला भेटायलाही बोलावलं.

पहिला आठवडा फार चांगला गेला. इतका चांगला की मला शंका यायला हवी होती. माझा प्रवेश उशिरा झाला म्हणून हजेरीपटावर नाव चढलं नव्हतं. मी वर्गात शिरलो तसा सगळा वर्ग उठून उभा राहिला. मी संकोचून बसा बसा म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. (बाक अठरा वर्षांच्या गुडघ्यांसाठी केलेला. तास संपला की आधी डावा पाय काढायचा, मग उजवा, मग दप्तर.) आमचे सर चाळिशीचे, उंच, घसा कायम बसलेला. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि जे शिकवायला सुरुवात केली ते काही विचारू नका. आकृत्या काय, रंगीत खडू काय, तास संपला की 'काही शंका?' काय. मी वहीत जसजसं भराभर उतरवून घेत होतो, तसतसे ते आणखी मन लावून शिकवत होते. शनिवारी माझं नाव पटावर आलं. मी 'हजर सर' म्हटलं. सरांनी पट पुन्हा वाचला. ते मला वरून आलेला तपासनीस समजत होते. सोमवारपासून रंगीत खडू बंद झाले. वर्गातल्या मुलींनी माझं नाव 'साहेब' ठेवलं आणि ते दोन वर्षं टिकलं. सर मात्र मनाने चांगले निघाले, पुढे ते मला घसा बसला की वर्गाला वाचून दाखवायला लावत.

माझा सगळा भरवसा डार्करूमवर होता, मामा. मला माहीत होतं की कॉलेजात एक डार्करूम आहे. भौतिकशास्त्रात मार खाईन, शरीरशास्त्रात मार खाईन, पण एकदा लाल दिव्याखाली फिल्म धुवायची वेळ आली की या पोरींना दाखवीन, असं मी मनात धरून बसलो होतो. त्या तासाला मी घरून ॲप्रन नेला होता. सरांनी दार उघडलं तर आत झाडू, बादल्या आणि मोडका पंखा. सगळी यंत्रं संगणकावर गेली होती, फिल्म धुणं अभ्यासक्रमातून त्याच वर्षी काढलं होतं. म्हणजे तीच विद्या माझ्या हातून दुसऱ्यांदा गेली. मी ॲप्रन घडी घालून दप्तरात ठेवला. एक मुलगी म्हणाली, साहेब, स्वयंपाकाचा तास उद्या आहे का? मी हसलो. घरी आल्यावर हसलो नाही.

मग हाडं. माणसाच्या अंगात दोनशे सहा हाडं असतात, आणि प्रत्येकाला नाव असतं, आणि ते नाव बोलीभाषेत नसतं. पन्नाशीनंतर डोक्यात नवं नाव शिरायचं तर एक जुनं बाहेर काढावं लागतं. मी कवटी पाठ केली तेव्हा मावसभावांची नावं विसरलो. यावर हिने उपाय काढला. चिठ्ठ्यांवर नावं लिहायची आणि जिथलं हाड तिथे टाचणीने दोघांच्याही कपड्यांवर लावायची. भाजी चिरता चिरता ती कोपर पुढे करायची, मी नाव सांगायचं. चुकलं की चहा उशिरा. महिनाभराने असं झालं की मला शंभर हाडं यायची आणि तिला दोनशे सहाच्या दोनशे सहा, तीही डावं-उजवं करून. एकदा मी मानेखाली 'मणका, पाठीचा, तिसरा' अशी चिठ्ठी घेऊन टपाल कचेरीत जाऊन आलो. रांगेत मागे उभ्या असलेल्या बाईंनी फार काळजीने विचारलं की तो एकच दुखतो का.

लेखी परीक्षेत मी वर्गात सातवा आलो. (छत्तीसांत.) प्रात्यक्षिकात नापास झालो. हे मी आजवर हिच्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. छातीचा फोटो काढायचा होता. बाहेरून आलेले परीक्षक कोपऱ्यात वही घेऊन बसलेले. समोर रोगी म्हणून कॉलेजचाच माळी. मी त्याला उभं केलं, खांदे पुढे घ्यायला लावले, हनुवटी वर केली, श्वास घेऊन धरायला सांगितला. सगळं पुस्तकाप्रमाणे. आणि बटणावर बोट ठेवलं तेव्हा तीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. मी म्हटलं, "हसा." माळी बिचारा आज्ञाधारक. तो हसला, श्वास सुटला, फोटो गेला. परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहून वही मिटली. पुन्हा परीक्षा तीन महिन्यांनी. ते तीन महिने मी घरात कुणालाही, अगदी आरशालाही, हसा म्हटलं नाही. ही रोज सकाळी दाराला टेकून छातीच्या फोटोसाठी उभी राहायची आणि मी रिकाम्या हाताने बटण दाबायचो. दुसऱ्या खेपेला मी पास झालो. माळी मुद्दाम बघायला आला होता.

नोकरीसाठी चार महिने पायपीट केली. पाच ठिकाणी मुलाखती झाल्या आणि पाचही ठिकाणी मला बघताक्षणी रोग्यांच्या खुर्चीवर बसवलं. एका ठिकाणी तर मी काय काय सांगतोय ते ऐकेपर्यंत नर्सने रक्तदाब मोजलासुद्धा. (थोडा वाढलेला निघाला. त्यांनी औषध लिहून दिलं, नोकरी नाही.) सहावं इस्पितळ जरा मोठं. तिथल्या एक्स-रे विभागाच्या प्रमुख म्हणजे मॅडम. मॅडमांबद्दल काय लिहू. पन्नाशीच्या आसपास, म्हणजे माझ्याच वयाच्या, पण त्यांच्यासमोर मी चौथीत असल्यासारखा उभा राहायचो. फोटो वाचण्यात त्यांचा हात धरणारा जवळपास कुणी नाही. बोलणं मोजकं, चालणं भरभर. त्यांनी माझं प्रमाणपत्र पाहिलं, जन्मतारीख पाहिली, आणि तीन महिने बघू म्हणाल्या. तसं सांगताना त्या माझ्याकडे नाही, कॅलेंडरकडे बघत होत्या.

त्या तीन महिन्यांत मी काय दिवे लावले ते आता कबूल करतो. माझे फोटो देखणे यायचे. हीच तक्रार. मनगटाचा फोटो काढायचा तर माझ्याकडून बोटं अशी ठेवली जायची की जणू त्यात आता अंगठी घालायची आहे. घोट्याच्या फोटोच्या वेळी मी माणसाला मान जरा डावीकडे वळवायला सांगायचो. एका आजींनी मला विचारलं की केस नीट आहेत ना, तर मी आरसा आणून दिला. त्यांच्या गुडघ्याचा फोटो काढायचा होता. एका आजोबांनी प्रती किती मिळतील विचारलं, मी म्हटलं तीन, आणि मग आत जाऊन आठवलं की इथे प्रती नसतात. मुख्य म्हणजे मला वेळ लागायचा. दुसरे लोक तासात बारा माणसं काढत, मी सात. मॅडमांनी एकदा माझा एक हाताचा फोटो पडद्यावर लावला आणि सगळ्यांसमोर विचारलं की हे मनगट आहे की साबणाची जाहिरात. माझी मान खाली गेली. (पण मामा, खरं सांगतो, उजेड फार सुंदर पडला होता.) एक गोष्ट मात्र होती. माझ्याकडचा एकही फोटो हललेला नसायचा. रडणारी, थरथरणारी, ओरडणारी माणसंसुद्धा माझ्या टेबलावर त्या एका क्षणापुरती थांबायची. ते कुणी मोजत नव्हतं.

तीन महिने संपायला दोन दिवस राहिले तेव्हा कचेरीतल्या टंकलेखक बाई मला जिन्यात भेटल्या आणि नजर चुकवून पुढे गेल्या. मी समजलो. पत्र तयार होतं. मॅडमांच्या टेबलावर सहीसाठी ठेवलेलं होतं. त्या दिवशी मी डबा उघडला नाही. हिला काय सांगायचं याचा विचार करत खिडकीशी उभा होतो. ती दोन वर्षं मणके लावून फिरली होती, मामा. मी घरी जाऊन तिला सांगणार होतो की संपलं, आणि ती म्हणणार होती की असू दे, आणि ते असू दे मला ऐकवणार नव्हतं.

दुपारी अडीचला बाहेर धप्प असा आवाज झाला. फरशी नुकतीच पुसलेली होती, आणि मॅडम नेहमीप्रमाणे भरभर चालत होत्या. उजव्या तळहातावर पडल्या. उठल्या, कुणाचा हात घेतला नाही, साडी झटकली आणि सरळ माझ्या खोलीत आल्या. बाकी दोघे तंत्रज्ञ वॉर्डात गेले होते, मी एकटाच होतो. त्यांना ते आवडलेलं दिसलं नाही. मनगटाचे दोन फोटो काढा, लवकर, एवढंच म्हणाल्या. मी काढले. दोन्ही सरळ, स्वच्छ. त्यांनी उभ्या उभ्याच पडद्यावर पाहिले, म्हणाल्या काही नाही, मुरगळलंय, आणि निघाल्या. जाताना त्यांनी टेबलावरचं पेन उचलायला हात पुढे केला आणि अंगठा मिटलाच नाही. पेन दोन बोटांत धरून त्या क्षणभर थांबल्या, मग त्यांनी ते डाव्या हातात घेतलं.

आता तुम्हाला सांगतो, फोटो वाचणं हे आमचं काम नाही. आम्ही काढायचा, डॉक्टरांनी वाचायचा. सरांनी हे आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की झोपेत विचारलं तरी सांगीन. त्यामुळे काही मोडलंय असं मी म्हणू शकत नव्हतो, आणि मला माहीतही नव्हतं. पण मनगटात अंगठ्याच्या बाजूला होडीच्या आकाराचं एक हाड असतं. सरळ फोटोत ते स्वतःचीच पाठ दाखवतं आणि तडा लपवतं. (हिने त्याची चिठ्ठी बांगडीखाली खोचली होती, म्हणून ते मी विसरणं शक्य नाही.) आणि दुसरं असं की आयुष्यात मी कधीही दोन फोटोंवर थांबलेलो नाही. नवरा-नवरी गाडीत बसलेली असताना मी त्यांना परत उतरवलेलं आहे.

मी अगदी शांतपणे म्हटलं, "मॅडम, अजून एक घेऊ. खात्रीसाठी."

त्या वळल्या. बावीस वर्षं फोटो वाचतेय, म्हणाल्या. मी म्हटलं, हो मॅडम, मी तीस वर्षं काढतोय. हे माझ्या तोंडून कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. मग का कोण जाणे, बहुधा हात फार दुखत असावा, त्या स्टुलावर बसल्या.

मी त्यांचा हात टेबलावर घेतला. हळूच मूठ करायला लावली. मनगट करंगळीकडे जितकं दुखल्याशिवाय झुकेल तितकं झुकवलं, खाली छोटी उशी सरकवली, वरची यंत्राची नळी थोडी तिरकी केली. त्यांना सांगितलं की हाताकडे बघू नका, समोर त्या खिडकीच्या कोपऱ्याकडे बघा, तिथे रंग उडालाय तो किती इंच असेल ते मनात ठरवा. मॅडमांनी बघितलं. माझ्यासारख्या माणसाने सांगितलं म्हणून एवढ्या मोठ्या डॉक्टरीणबाई भिंतीचा उडालेला रंग मोजत बसल्या. खांदे खाली आले. हात थांबला. मी बटण दाबलं.

पडद्यावर फोटो आला तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. होडीच्या मधोमध केसाएवढी काळी रेघ. वाचून दाखवणं माझं काम नव्हतं. मॅडम पडद्याजवळ सरकल्या. मग म्हणाल्या की हे तसंच राहिलं असतं तर अंगठा कायमचा गेला असता. फोटोशी बोलावं तशा बोलल्या. आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "एका तासात सात, नाही का?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "सातच ठेवा."

त्यांच्या हाताला आठ आठवड्यांचं प्लॅस्टर बसलं. टेबलावरच्या त्या पत्रावर सही करायची राहिली ती राहिलीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी टंकलेखक बाईंना नवं पत्र सांगितलं आणि त्यावर डाव्या हाताने सही केली. सही पाटीवर पहिल्यांदा काढलेल्या अक्षरासारखी आहे, शेवटच्या अक्षराची वेलांटी पार कागदाच्या कडेला गेली आहे, पण तिच्यावर शिक्का आहे आणि वर 'कायम' हा शब्द आहे. मी ते पत्र घरी आणलं तेव्हा हिने वाचलं, परत वाचलं, आणि आत जाऊन तोंड धुऊन आली. मग म्हणाली की पालक म्हणून माझी सही कुठे करायची. पुढचे आठ आठवडे मॅडम तोंडी सांगायच्या आणि त्यांचे अहवाल मी लिहून घ्यायचो, त्यामुळे आता फुकटात वाचायलाही शिकतोय. नव्याने लागलेले दोघे अडले की मला हाक मारतात. हलणारी माणसं सगळी माझ्याकडे येतात, विभागात तसा रिवाजच पडला आहे. परवा एक कुस्तीगीर सुई नको म्हणून अख्खं इस्पितळ डोक्यावर घेऊन माझ्या टेबलावर आला आणि अळीमिळी गुपचिळी पडून राहिला. बाहेर बाकडं आहे, मामा. आणि बाकड्यावर माणसं आहेत.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर दिलं असं धरतो. राग शिल्लक असेल तर तोही कळवा, पण आता पूर्ण पगारी, कायम माणसावर रागवावं लागेल याची नोंद घ्यावी. मामींना नमस्कार. इस्त्रीवाला तुमची आठवण काढतो.

तुमचा आज्ञाधारक (एक अपवाद सोडून) भाचा

ता. क. हिने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, 'अगदी शांतपणे' हे खोडून काढावं. मॅडमांना प्लॅस्टरला पाठवल्यानंतर मी त्यांच्याच स्टुलावर मटकन बसलो होतो आणि वॉर्डातून परत आलेल्या नर्सने मला साखरपाणी दिलं, हे मी तिला स्वतः सांगितल्याचं तिला आठवतं. मला आठवत नाही. शिवाय लेखी परीक्षेत मी सातवा नव्हतो, अकरावा होतो. यावर वाद चालू आहे.

ता. क. दोन. पत्र खरं तर एका कामासाठी लिहायला घेतलं होतं, ते वर लिहायचं राहून गेलं. ज्या कॉलेजाने मला नापास केलं त्यांनीच मला एक तास घ्यायला बोलावलंय. सरांचा घसा पार गेला आहे. येत्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता. विषय, माणसाला स्थिर कसं बसवावं. चाळीस मुलं आहेत. मामा, मला ते करता येतं, सांगता येत नाही. तीन दिवस वही उघडून बसलोय, एक ओळ सुचलेली नाही. मी जे करतो ते सगळं तुमचं बघून करतो, आणि तुम्ही ते कधी शब्दांत सांगितलं नाहीत, माझ्या हातावर फटका मारून सांगितलंत. फटका वर्गात चालत नाही, मी प्राचार्यांना विचारून घेतलंय. तर तुम्ही लोकांना नक्की काय म्हणता ते लिहून पाठवा. लिहिणं जमत नसेल तर स्वतःच या. बोलायचं काहीच नाही, रोगी म्हणून स्टुलावर बसायचं, मी मुलांना करून दाखवीन. यंत्र बंद असेल, भ्यायचं कारण नाही.

ता. क. तीन. दुकान आवरताना सगळ्या निगेटिव्ह चाळल्या. बत्तीस वर्षांच्या. मामींचे सत्तावीस फोटो निघाले, माझे नऊ, दुकानाच्या मांजराचे चार. तुमचा एकही नाही. वर्ग सुटल्यावर मी आपला मोठा कॅमेरा घेऊन येणार आहे, कॉलेजच्या व्हरांड्यात बाराच्या सुमाराला उत्तरेकडून उजेड चांगला येतो. निळा शर्ट घालून या. पांढऱ्यात तुम्ही फिके दिसाल.